वस्तादाने डाव राखून ठेवला नव्हता : करीम अब्दुल-जब्बार, अँड्रयू बायनम आणि गुरू निवडण्याचा प्रश्न

१/२२
सप्टेंबर २००५. लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाने एक वेगळी नेमणूक केली. शिष्य होता अवघ्या सतरा वर्षांचा, नुकताच शाळेतून बाहेर पडलेला, सात फूट उंचीचा अँड्रयू बायनम. गुरू म्हणून निवडले गेले ५८ वर्षांचे करीम अब्दुल-जब्बार. एनबीएच्या इतिहासात तोवर सर्वाधिक गुण त्यांच्या नावावर होते. या निवडीचे पुढे काय झाले आणि त्यातून इतिहासाच्या अभ्यासकाने काय घ्यावे, याविषयी हा थ्रेड.

२/२२
आधी थोडी पार्श्वभूमी. बास्केटबॉलमध्ये ‘सेंटर’ म्हणजे जाळीच्या अगदी जवळ खेळणारा, बहुधा संघातला सर्वांत उंच खेळाडू. लेकर्सचा इतिहास हा एका अर्थी सेंटरांचाच इतिहास आहे : जॉर्ज मायकन, विल्ट चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार, शकील ओनील. या परंपरेतला शेवटचा दुवा २००४ च्या उन्हाळ्यात तुटला. संघाने ओनीलला मायामीकडे धाडले आणि पुढच्या हंगामात ८२ पैकी ४८ सामने गमावले.

३/२२
या अपयशातूनच २८ जून २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, लेकर्सना दहावा क्रमांक मिळाला. त्यांनी न्यू जर्सीतल्या सेंट जोसेफ शाळेच्या बायनमला निवडले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला जॉर्ज मायकन यांचे निधन झाले होते. परंपरेचा पहिला पुरुष गेला आणि त्याच महिन्यात सर्वांत धाकटा वारस आला. हा निव्वळ योगायोग होता. पण संघाच्या मनावर वारशाचे ओझे किती होते, हे त्यावरून ध्यानात येईल.

४/२२
२ नोव्हेंबर २००५ रोजी बायनम डेन्व्हरविरुद्ध मैदानात उतरला. वय होते १८ वर्षे ६ दिवस. एनबीएचा सामना खेळणारा तो सर्वांत लहान खेळाडू ठरला. हा विक्रम आजही अबाधित आहे, कारण २००५ च्या नव्या करारानुसार पुढच्या ड्राफ्टपासून किमान १९ वर्षांची अट लागू झाली. शाळेतून थेट व्यावसायिक खेळात येण्याचा दरवाजा बंद होण्यापूर्वी आत शिरलेल्या शेवटच्या काही मुलांपैकी तो एक. ही बाब लक्षात ठेवा. पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

५/२२
आता गुरूंकडे वळू. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, मूळ नाव ल्यू अल्सिंडर. यूसीएलए विद्यापीठाकडून १९६७, ६८ आणि ६९ अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे. १९७१ मध्ये मिलवॉकीला विजेतेपद मिळवून देऊन त्यांनी करीम अब्दुल-जब्बार हे नाव धारण केले. १९७५ पासून ते लेकर्समध्ये होते. सहा अजिंक्यपदे, सहा वेळा सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान, ३८,३८७ गुण. वीस हंगाम खेळून १९८९ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी ते निवृत्त झाले.

६/२२
त्यांचे अस्त्र म्हणजे ‘स्कायहूक’. खेळाडू जाळीकडे तोंड न करता एक खांदा तिच्याकडे करून उभा राहतो. चेंडू दूरच्या हातात असतो. एका पायावर उडी घेऊन तो हात पूर्ण ताणला जातो आणि डोक्यावरून वर्तुळाकार फिरत चेंडू सुटतो. प्रतिस्पर्धी आणि चेंडू यांच्यामध्ये नेमणाऱ्याचे सबंध शरीर असते. म्हणून हा फटका अडवणे जवळजवळ अशक्य. दिसायला सोपा, पण पायांची जागा आणि तोल यांचा मेळ जमल्याशिवाय साधत नाही.

७/२२
करीमना हा फटका कोणी दिला? शालेय वयात, पाचवीच्या सुमारास, ते ‘मायकन ड्रिल’ करीत असत. जाळीखाली उभे राहून चेंडू एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने, खाली पडू न देता सतत टाकत राहायचा, हा तो सराव. मायकन कधी प्रत्यक्ष गुरू झाले नाहीत. त्यांची पद्धत मात्र पोरांच्या व्यायामशाळांपर्यंत पोहोचली होती. एका सेंटरकडून दुसऱ्याकडे विद्या गेली ती अशी : मध्ये गुरू नव्हता, केवळ सराव होता.

८/२२
मग मायकनचे गुरू कोण? शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात १९४२ साली रे मायर प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाती ६ फूट १० इंचांचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, हालचालींत अवघडलेला विद्यार्थी आला. त्या काळी इतकी उंच मुले बास्केटबॉलला निरुपयोगी समजली जात. मायर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्धाचा सराव दिला, नृत्याचेही धडे दिले. पुढे याच मायकनला आवर घालण्यासाठी एनबीएने १९५१ मध्ये जाळीसमोरच्या पट्ट्याची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट केली.

९/२२
येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मायर हे काही महाकाय सेंटर नव्हते. करीम यांचे यूसीएलएमधील गुरू जॉन वुडन स्वतः गार्ड म्हणून खेळलेले. ते नव्या खेळाडूंना पहिल्या दिवशी मोजे कसे घालावेत हे शिकवत, कारण मोज्याला सुरकुती पडली की पायाला फोड येतात. पीट न्यूवेल यांनी १९७६ पासून उंच खेळाडूंसाठीचे नावाजलेले शिबिर चालवले, त्यासाठी मोबदलाही घेतला नाही. तेही व्यावसायिक मैदान गाजवलेले सेंटर नव्हते.

१०/२२
म्हणजे सेंटर घडवण्याचे काम दीर्घकाळ शिक्षकांकडे होते, माजी महारथींकडे नव्हते. मग हा नवा पायंडा का पडला? माझ्या मते त्याचे मुख्य कारण वयाचे आहे. १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट शाळेतून थेट एनबीएत आला आणि त्यानंतर दहा वर्षे ती वाट खुली राहिली. करीम चार वर्षे वुडन यांच्या हाताखाली राहून २२ व्या वर्षी व्यावसायिक झाले. बायनम १७ व्या वर्षीच करारबद्ध झाला. मधली चार वर्षे कोठेतरी भरून काढणे भाग होते.

११/२२
विद्यापीठात प्रशिक्षकाचे काम शिकवणे. व्यावसायिक संघात प्रशिक्षकाचे काम जिंकणे. ८२ सामन्यांच्या वेळापत्रकात मुळाक्षरे गिरवून घेण्यास वेळ कोणाला? म्हणून संघांनी खास शिकवणीसाठी वेगळा माणूस नेमण्यास सुरुवात केली आणि त्या जागेसाठी माजी सेंटर हा स्वाभाविक पर्याय वाटला. ह्यूस्टनमध्ये आणि पुढे ऑर्लँडोत पॅट्रिक यूइंग हेच काम करीत होते. लेकर्सकडे तर घरचाच माणूस होता. त्यांचे सरव्यवस्थापक मिच कपचॅक हे करीम यांचे जुने सहखेळाडू.

१२/२२
या निवडीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. करीम यांनाही या कामाची गरज होती. प्रशिक्षक होण्याची त्यांची इच्छा जाहीर होती. पण खेळताना ते अबोल आणि वृत्तपत्रांशी तुटक वागणारे म्हणून ओळखले गेले, आणि एनबीएत मुख्य प्रशिक्षकपद त्यांना कधी मिळाले नाही. १९९८-९९ मध्ये त्यांनी ॲरिझोनातील अपाची वसाहतीवरच्या एका शाळेत मुलांना शिकवले. २००२ मध्ये एका दुय्यम लीगमध्ये ओक्लाहोमाच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. इतक्या मोठ्या खेळाडूला शाळेपासून आरंभ करावा लागला.

१३/२२
मधल्या काळात लॉस एंजेलिसच्याच क्लिपर्स संघात त्यांनी मायकेल ओलोवोकांडीला शिकवण्याचा प्रयत्न केला होता. ओलोवोकांडी १९९८ च्या ड्राफ्टमधील पहिली निवड. जन्म लागोसचा, वाढला लंडनमध्ये, बास्केटबॉल उशिरा हाती घेतलेला. उंची होती, ताकद होती; पण अपेक्षेइतका खेळ कधी फुलला नाही. तेव्हा २००५ मध्ये पणाला लागले होते ते फक्त बायनमचे भवितव्य नव्हते. करीम शिकवू शकतात की नाही, हेही त्या मुलावरून ठरणार होते.

१४/२२
फळ दिसू लागले ते हळूहळू. पहिल्या हंगामात बायनमची सरासरी सामन्यामागे १.६ गुण. जानेवारी २००६ मध्ये मात्र एक क्षण आला : ओनीलने त्याच्या डोक्यावरून डंक मारला, अठरा वर्षांच्या पोराने दुसऱ्या टोकाला जाऊन ओनीलला गिरकी देत तसाच जबाब दिला. दुसऱ्या हंगामात सरासरी ७.८ गुणांवर गेली. तरीही २००७ मध्ये कोबी ब्रायंटने उघडपणे नाराजी व्यक्त केली. त्याच्या मते बायनमच्या बदल्यात संघाने अनुभवी खेळाडू घ्यायला हवा होता.

१५/२२
तिसऱ्या हंगामात (२००७-०८) उत्तर मिळाले. ३५ सामन्यांत सरासरी १३.१ गुण, १०.२ रिबाउंड आणि सुमारे ६४ टक्के अचूकता. जाळीजवळ योग्य जागा पकडणे, चेंडू खाली न आणणे, दोन्ही खांद्यांवरून वळणे, हे सर्व आता दिसू लागले होते. आणि १३ जानेवारी २००८ रोजी मेम्फिसविरुद्ध खेळताना तो सहकारी लामार ओडमच्या पायावर पडला. गुडघा गेला, हंगाम संपला. पुढे गुडघ्याचे दुखणे त्याची पाठ सोडणार नव्हते.

१६/२२
तरीही २००९ आणि २०१० अशी दोन अजिंक्यपदे त्याच्या वाट्याला आली. २००९ ची अंतिम मालिका आपल्या विषयासाठी विशेष बोलकी आहे. लेकर्सच्या बाजूला बायनम आणि करीम. ऑर्लँडोच्या बाजूला ड्वाइट हॉवर्ड आणि यूइंग. दोन तरुण सेंटर आणि त्यांच्यामागे दोन माजी महारथी. लेकर्सनी मालिका ४-१ अशी जिंकली; पण त्यात निर्णायक ठरला तो दोहोंपैकी कोणीही सेंटर नव्हे, तर ब्रायंट हा गार्ड.

१७/२२
२०११-१२ हा बायनमचा सर्वोत्तम हंगाम : १८.७ गुण, ११.८ रिबाउंड, ऑल-स्टार सामन्यात पश्चिमेचा सेंटर. ऑगस्ट २०१२ मध्ये चार संघांच्या व्यवहारात हॉवर्ड लेकर्सकडे आला आणि बायनम फिलाडेल्फियाकडे गेला. गुडघ्यांमुळे तेथे तो एकही सामना खेळू शकला नाही. नंतर क्लीव्हलंडमध्ये २४ सामने, इंडियानात दोन. २०१४ मध्ये, सव्वीस वर्षांचा असताना, त्याचा एनबीएतील खेळ संपला. त्या वयात करीम यांचे आणखी पंधराएक हंगाम शिल्लक होते.

१८/२२
करीम यांनी पुढे या शिष्याविषयी जाहीरपणे लिहिले. मुलगा हुशार आणि कष्टाळू होता. पण तेच तेच मूलभूत धडे रोज गिरवण्याचा त्याला कंटाळा आला असावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या तालमींत एक समजूत प्रसिद्ध आहे : वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक मात्र राखून ठेवतो. येथे नेमके उलट घडले. वस्तादाने डाव राखला नव्हता. तो घेण्यासाठी लागणारी हजारो आवर्तने करायला शिष्य थांबला नाही.

१९/२२
पण सारा दोष शिष्यावर टाकणे हा इतिहासाचा आळस ठरेल. तुलना करा. लागोसचाच हकीम ओलाजुवॉन १९८० मध्ये ह्यूस्टनला आला, तो फुटबॉलचा गोलरक्षक आणि हँडबॉलचा खेळाडू. शहरातल्या फॉन्डे केंद्रात उन्हाळ्याच्या खेळांमध्ये त्याची गाठ मोझेस मलोनशी पडली. मलोन तेव्हा एनबीएतला बलाढ्य सेंटर, १९७९ चा सर्वोत्तम खेळाडू. तो धडे देत नव्हता. धक्के देत होता. आणि दिवसाच्या उरलेल्या शिक्षणासाठी हकीमला विद्यापीठ होते, गाय लुईस हे प्रशिक्षक होते, चुका करायला चार वर्षे होती.

२०/२२
आणखी एक विलक्षण बाब. सेंटरांची विद्या ज्यांनी खरोखर उचलली, त्यांत सेंटर नसलेलेच ठळक दिसतात. ९ जून १९८७ च्या अंतिम मालिकेतील सामन्यात बोस्टनविरुद्ध शेवटच्या क्षणी लेकर्सना तारणारा हूक मारला तो मॅजिक जॉन्सनने, म्हणजे गार्डने. आणि त्याला त्याने स्वतःच ‘धाकट्या स्कायहूक’चे नाव दिले. निवृत्तीनंतर हकीमकडे २००९ मध्ये ब्रायंट आणि २०११ मध्ये लेब्रॉन जेम्स आपण होऊन शिकायला गेले. हे सगळे घडलेले खेळाडू होते. आपल्याला काय कमी आहे ते त्यांना ठाऊक होते.

२१/२२
तिकडे खेळही बदलत होता. २००१ पासून एनबीएत क्षेत्रबचावाला मुभा मिळाली, तीन गुणांचे फटके वाढत गेले, जाळीकडे पाठ करून चेंडूची वाट पाहणारा सेंटर मागे पडू लागला. २०१२ च्या ऑल-स्टार सामन्यासाठी चाहत्यांनी सेंटर म्हणून निवडलेली जोडी होती बायनम आणि हॉवर्ड. पुढच्या वर्षीच्या मतपत्रिकेतून ‘सेंटर’ हा रकानाच काढून टाकण्यात आला. करीम जी विद्या देत होते तिची मागणी शिकवणी चालू असतानाच घटत चालली होती. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांचा गुणांचा विक्रम मोडला तो लेब्रॉनने. करीम त्या वेळी मैदानालगत बसले होते आणि सोहळ्यात त्यांनी चेंडू लेब्रॉनच्या हाती दिला.

२२/२२
मग २००५ ची निवड चुकली का? मला तसे वाटत नाही. ज्ञानाच्या दृष्टीने त्याहून योग्य माणूस सापडला नसता आणि दोन-तीन हंगामांत त्याचे फळही दिसले. चूक अपेक्षेत होती. जे काम करीमसाठी एक शाळा, एक विद्यापीठ, वुडन आणि चार वर्षे यांनी मिळून केले, ते सारे एका थोर माणसाने एका घाईत असलेल्या मुलासाठी करावे, ही ती अपेक्षा. महारथी डाव दाखवू शकतो; तो गिरवण्यासाठी लागणारा निवांत काळ त्याच्या हाती नसतो. तो संस्थेने द्यावा लागतो. कुस्ती, क्रिकेट किंवा संगीतात अशी गुरुनिवड तुमच्या वाचनात आली असेल, फळलेली किंवा फसलेली, तर खाली जरूर लिहा. थ्रेड समाप्त.